ठिगळ्या: आठ महिने वापरलेला, स्वतःची डागडुजी स्वतः करणारा लोखंडी राक्षस

आधी हाताचं सांगून टाकतो, म्हणजे डोकं शांत होईल. साडेसहाशे रुपये मोजून मी ठिगळ्याची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावरच्या फाशांच्या खेळासाठी मी बनवलेल्या राक्षसाची, मिनिएचर थ्रीडी प्रिंट करून घेतली. दुसऱ्याच सेशनला डब्यातून काढताना उजवा हात माझ्या हातात आला. दुकानदाराला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "सर, हँडलिंगमध्ये तुटलंय, आम्ही काही करू शकत नाही." तीन दिवस मेसेजवर भांडलो, शेवटी त्याने निळी खूण करून गप्प बसणं पसंत केलं. ज्या राक्षसाचं सगळं भांडवल म्हणजे स्वतःला दुरुस्त करणं, त्याच्या खांद्याला मी रात्री साडेअकरा वाजता फेविक्विक लावत बसलो होतो. बायको म्हणाली, "त्यालाच सांग ना."

हा रिव्ह्यू मात्र मिनिएचरचा नाही, राक्षसाचा आहे. खेळाच्या फिफ्थ एडिशनच्या नियमांसाठी मीच बनवलेला कन्स्ट्रक्ट, म्हणजे जादूने चालणारं यंत्र, पाचव्या लेव्हलच्या चार भिडूंसाठी. आठ महिन्यांत अकरा वेळा टेबलावर आणला आणि त्यात तीन आवृत्त्या झाल्या. पहिली टाकाऊ होती, दुसरी कंटाळवाणी. तिसरीवर मी खूश आहे, म्हणजे बऱ्यापैकी.

पहिल्या आवृत्तीत मी सगळे करतात तेच केलं. शील्ड गार्डियन हा खेळातला तयार राक्षस उघडला, त्याचं रीजनरेशन (जखमा आपोआप भरून येणं) उचललं, आपल्या राक्षसाला चिकटवलं. (जानेवारी २०२३ पासून एसआरडी ५.१, म्हणजे खेळाचे मूळ नियम, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना मोफत आहे, त्यामुळे इथवर खर्च शून्य. २०१४ चं डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, पुस्तक मित्राचं, अजून परत केलेलं नाही.) सीआर (राक्षस किती जड जाणार त्याचा आकडा) ५ हवा होता. त्या पुस्तकातल्या तक्त्यात त्याला एचपी (किती मार सोसेल तो आकडा) १३१ ते १४५. नियम असा की दर राउंडला (सगळ्यांची एकेक चाल झाली की एक राउंड) जितके एचपी भरून येतात त्याच्या तिप्पट आकडा एचपीत धरायचा. मी १० चं रीजनरेशन दिलं, म्हणजे ३० धरायचे, म्हणून खरे एचपी १०५ ठेवले. एसी (वार बसायला किती आकडा लागतो तो) १५, दोन ठोसे, दोन्ही बसले तर मिळून सरासरी ३५. कागदावर एकदम चोख.

त्या 'तिप्पट'मध्ये गोम आहे. गणित तीन राउंड धरून केलंय. आमचे चौघं हजर असले आणि फासे बरे पडले, की राउंडला साधारण ४० निघतात. तेव्हा ठिगळ्या चौथ्या राउंडला पडतो. रीजनरेशन नसतं तर तिसऱ्याला पडला असता. एक राउंड जास्त, ठीक आहे. पण पुढच्या सेशनला एकाची नाइट शिफ्ट लागली, एक चुलतबहिणीच्या लग्नाला संगमनेरला गेला. उरले दोघं, राउंडला २०. साध्या राक्षसाला सहा राउंड लागले असते. ह्याला दहा लागणार होते! मारा निम्मा झाला, तर वेळ दुप्पट व्हायला हवा, इथे अडीचपट. पाच राउंडांत पोरांनी १०० एचपीचं नुकसान केलं होतं आणि ह्याच्या अंगात अजून ५५ शिल्लक. सहाव्या राउंडला दोघं पळाले. दोष त्यांचा नव्हता. फुकटचं रीजनरेशन दुबळ्या पार्टीला जास्त मारतं आणि तगड्या पार्टीला जाणवतही नाही, म्हणजे नेमकं नको तिथे चावतं.

आता माझा खरा राग. रीजनरेशन मिळतं ते राक्षसाची चाल आली की, 'टर्नच्या सुरुवातीला.' ह्या दोन शब्दांनी माझं डोकं आठ महिने खाल्लंय. डीएम एकटा. त्याने इनिशिएटिव्ह (कोणाची चाल कधी) बघायचं, नकाशा बघायचा, क्लेरिकचं (मंत्राने बरं करणाऱ्या पुजाऱ्याचं) स्पेल वाचायचं, समोसे कोणी संपवले त्याची चौकशी करायची, आणि ठिगळ्याचा टर्न आला की ठोसा मारायच्या आधी १० मिळवायचे. मी विसरतो. दर सेशनला विसरतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, विसरलो. मोबाइलवर टायमर लावला, तो भलत्याच वेळी वाजला. एकदा फायटरने शेवटचा वार करून त्याला लोळवला, टाळ्याबिळ्या झाल्या, आणि मला आठवलं की मागच्या दोन राउंडांचे २० मिळवायचे राहिलेत. म्हटलं, "थांबा रे, जिवंत आहे तो, मागची थकबाकी आहे." त्यावर जो गोंधळ झाला! आमचा रोग (rogue, म्हणजे चोराचं पात्र खेळणारा भिडू) पेशाने सीए. तो शांतपणे म्हणाला, "एरियर्स मिळणार नाहीत. क्लेम वेळेत केला नाहीस." मी माघार घेतली. त्या दिवशी ठिगळ्या माझ्या विसरभोळेपणाने मेला.

हे ट्रोल ह्या खेळातल्या दुसऱ्या आपोआप भरून येणाऱ्या राक्षसालाही लागू आहे, पण ट्रोलचं निदान सगळ्यांना पाठ असतं: आग किंवा ॲसिड लागलं की पुढच्या टर्नला भरून येत नाही. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत मीही बंद करायची किल्ली दिली. आग नको, ती सगळ्यांकडे असते, शिवाय आयर्न गोलेम हा खेळातला लोखंडी राक्षस आग खाऊन उलट बरा होतो, तो गोंधळ नको. म्हणून थंडी ठेवली. कोल्ड डॅमेज झालं की सांधे आखडतात, पुढच्या टर्नला डागडुजी बंद.

पहिल्या खेळात मजा आली. दुसऱ्या खेळात आमच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगारणीकडे, रे ऑफ फ्रॉस्ट हा थंडीचा मंत्र असल्याचं तिच्या लक्षात आलं आणि मजा संपली. फुकटचं कॅन्ट्रिप, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकायचा मंत्र, साठ फुटांवरून. तिने पाच राउंड तेच केलं. "रे ऑफ फ्रॉस्ट." "रे ऑफ फ्रॉस्ट." गॅस बुकिंगला नंबर दाबत बसावं तसा तिचा चेहरा. बाकी तिघांसाठी ठिगळ्या म्हणजे आता साधा १०५ एचपीचा ठोकळा. एका भिडूकडे किल्ली आहे की नाही, एवढ्यावर अख्खी लढाई. असली तर तो वैतागतो, नसली तर बाकीचे. इथे मी राक्षस गुंडाळून ठेवणार होतो. ह्याच्या अर्ध्या मेहनतीत पुस्तकातले तीन तयार ओगर राक्षस आणता येतात.

मग कामावर एक गोष्ट घडली. मी चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. एका प्रेसचं सील गेलं, लाइन चार तास बंद, आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे. स्टोअरमध्ये सील नव्हतं. शेजारच्या बंद मशीनचं काढून बसवलं आणि गाडी चालू केली. हात धुताना डोक्यात आलं, की दुरुस्ती कधी फुकट होते का? स्पेअर लागतो, माणूस अडकतो, मशीन थांबतं, आणि स्पेअर नसला तर शेजाऱ्याचं काढावं लागतं. माझा ठिगळ्या ह्यातलं काहीच करत नव्हता. त्याचे एचपी आपोआप वाढत होते, बँकेतल्या व्याजासारखे.

तिसरी आवृत्ती त्याच रात्री लिहिली. एचपी ९०. आपोआप काहीही नाही. आपल्या टर्नला दोनपैकी एक ठोसा सोडून तो पाच फुटांतलं सुटं धातू उचलतो आणि अंगावर थापतो. पाच पाउंड धातूचं एक ठिगळ, एका ठिगळाला १५ एचपी, जास्तीत जास्त सहा ठिगळं. सरासरी तीन लागतील असं धरलं, म्हणजे ४५, म्हणजे पुन्हा तेच १३५. हातात धरलेलं किंवा अंगावर घातलेलं धातू चालत नाही, पडलेलं चालतं. निम्म्या एचपीखाली गेला की जवळपासच्या सगळ्यात मोठ्या सुट्या धातूकडे धावतो, हे त्याला टळत नाही. आणि शेजारी उभा असलेला कोणीही आपली ॲक्शन खर्चून, ॲथलेटिक्स डीसी १५ मारून, म्हणजे फासा आणि वरची भर मिळून १५ गाठून, एक ठिगळ उपटू शकतो. ठिगळ गेलं की त्याचे १५ गेले.

विसरायला आता काही उरलंच नाही, कारण दुरुस्ती हीच त्याची चाल आहे. सगळ्यांना दिसते, सगळे शिव्या देतात, आणि शिव्या मला आठवण करून देतात.

पहिल्याच खेळात तिसऱ्या राउंडला फायटर बेशुद्ध पडला. ढाल सुटली. ढाल सहा पाउंडांची. ठिगळ्याने ती उचलली आणि छातीवर थापली. क्लेरिकने हीलिंग वर्ड टाकून फायटरला उठवलं, मी वर्णन केलं: डोळे उघडतोस तर समोर त्याच्या छातीवर तुझीच ढाल, तुझ्या कुळाचं चिन्ह उलटं. तो खुर्चीतून उठला. "माझी ढाल आहे ती, सोड!" दोन वार मारायचे सोडून त्याने ढाल उपटायला हात घातला. हिशेब केला तर दोन वारांचे सरासरी ११ निघतात आणि उपटण्याचे पावणेदहा, म्हणजे वारच किंचित सरस. पण त्या वेळी त्याला हिशेब सांगायची माझी हिंमत नव्हती. फासा १० पडला, वर ७, जमलं. अख्ख्या कॅम्पेनमध्ये त्याने एवढा आवाज कधी केला नव्हता.

रोगचा किस्सा तर आमच्याकडे अजून निघतो. ह्या माणसाने पहिल्या लेव्हलपासून तांब्याची नाणी साठवलीत. कोणी विचारत नाही, दुकानदार हसतात, तरी ह्याची थैली सुटत नाही. ८०० नाणी, किंमत ८ सोन्याची, वजन १६ पाउंड. जुन्या भट्टीत लढाई, मधोमध चाळीस फूट खोल कोरडी विहीर. ठिगळ्या निम्म्याखाली आला तसं ह्याने थैली विहिरीत टाकली. टेबलावर शांतता, कारण ह्याने पैसे सोडले होते. ठिगळ्या मागोमाग उडी मारून गेला. पडल्याचे १४ लागले. मग खाली बसून त्याने तीन टर्नमध्ये ७५० नाणी अंगावर थापली आणि ४५ परत मिळवले. रोगने तिथल्या तिथे हिशेब मांडला: ३१ चा तोटा. मग क्लेरिकने दाखवून दिलं की त्या तीन राउंडांत वर कोणाला एकही ठोसा बसलेला नाही, म्हणजे सगळे बसते तर १०५ वाचले. रोगचा चेहरा खुलला. वरून मारून मारून त्याला विहिरीतच संपवला. नंतर हा दोर लावून उतरला, उरलेली ५० नाणी वेचली, आणि बाकीची ७५० खरवडून काढायला किती वेळ लागेल ते मला विचारलं. दोन तास म्हटलं. "चालेल," म्हणाला.

आता बोल्टबद्दल. हात तुटल्यावर मी मिनिएचर माळ्यावर टाकली आणि हार्डवेअरच्या दुकानातून एम १२ चा फुल थ्रेड बोल्ट आणला, शंभर मिलिमीटर लांब, १९ चा पाना लागतो तो. डोक्यावर उभा केला की झाला ठिगळ्या. ठिगळ लागलं की एक नट चढवायचा. मला वाटलं, काय डोकं चाललंय आपलं! तीन सेशननंतर कळलं की पहिला नट तळापर्यंत न्यायला पन्नासेक फेरे लागतात. चार माणसं माझ्या बोटांकडे बघत बसलेली, बोटांना ग्रीसचा वास. विझार्ड म्हणाली, "दादा, ह्यापेक्षा रे ऑफ फ्रॉस्ट बरं होतं." नट बंद केले, वॉशर आणले. वॉशर वरून टाकला की सरळ खाली जातो आणि टण्ण वाजतो. उपटताना मात्र बोल्ट उलटा करून हलवावा लागतो, त्यामुळे वरचाच आधी निघतो, मग ढाल खाली आणि नाणी वर असली तर वाद होतो. ह्यावर उपाय सापडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी राक्षसापेक्षा ह्या वॉशरवर जास्त विचार केलाय. सगळा मिळून खर्च ऐंशी रुपयांच्या आत. साडेसहाशेची जखम अजून ओली आहे.

कोणी विचारतं, मेंडिंग ह्या मोडकं जोडायच्या मंत्राने दुरुस्त होतो का? नियमाप्रमाणे कन्स्ट्रक्टची मोडतोड जुळवता येते, पण टाकायला एक मिनिट, म्हणजे दहा राउंड. लढाईत विसरा. क्युअर वून्ड्स हा जखमा भरायचा मंत्र २०१४ च्या नियमात कन्स्ट्रक्टवर चालतच नाही, २०२४ मध्ये ती अट काढलीय, तेव्हा दुश्मनाकडे क्लेरिक देणार असाल तर कुठला नियम खेळताय ते आधी ठरवा.

एक मोठा दोष आहे, लपवत नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या ग्रुपला हाच ठिगळ्या दिला. तिथे दोन ड्रुइड (निसर्गाचे पुजारी), एक मंक (नुसत्या हातांनी लढणारा) आणि एक सॉर्सरर (जादूगार). २०१४ च्या नियमात ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाहीत, मंकला काही लागतच नाही, सॉर्सररकडे एक काठी. ठिगळ्याला थापायला चमचासुद्धा मिळाला नाही. तीन राउंडांत खलास, सीआर ५ म्हणे. तेव्हा खोलीत आधीच भंगार ठेवा: तुटलेल्या साखळ्या, घमेली, कोपऱ्यात एखादी ऐरण. मी पुढच्या वेळी ऐरण ठेवली होती. मंकने पहिल्याच टर्नला ती उचलली, "ही सुटी नाही आता, माझ्या हातात आहे," म्हणाला, आणि बाहेर पळाला. नियमाने त्याचं बरोबर होतं. चार सेशन झाली, तो अजून ऐरण घेऊन फिरतोय.