पहिली गुंतवणूक: स्वतःची प्रॉपर्टी, पार्टनरशिप की रीट?

रिअल इस्टेटमध्ये उतरायचं म्हटलं की सगळे आधी पैशाचं विचारतात, किती लागतील, कर्ज किती मिळेल वगैरे. मी म्हणेन आधी दोन गोष्टी ठरवा: महिन्याला यात किती वेळ घालू शकता, आणि अचानक गरज पडली तर पैसे किती लवकर मोकळे व्हायला हवेत. कुठला पर्याय घ्यायचा ते यावरच ठरतं.

स्वतः घेऊन भाड्याने दिली तर सगळे निर्णय तुमचे, भाडेकरू कोण, दुरुस्ती कधी, विकायचं कधी. आणि कर्जाचा जोर मिळतो. २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्ज घेतलं आणि भाव १० टक्के वाढला तर तुमच्या पैशावर ती ५० टक्के वाढ झाली (व्याज आणि खर्च सोडून), पण भाव १० टक्के पडला तर तुमचे अर्धे पैसे गेले आणि हप्ता आहे तेवढाच, हे दुसरं वाक्य विकणारा कधी सांगत नाही. घर वर्षात एक महिना रिकामं राहिलं तरी वर्षाच्या भाड्यातले ८ टक्क्यांहून जास्त गेले. समजा १०० ची प्रॉपर्टी, वर्षाचं भाडं ५, त्यातून टॅक्स, विमा, दुरुस्ती, रिकामे दिवस धरून दीड गेलं तर हातात साडेतीन, आणि वरच्यासारखं ८० चं कर्ज असून व्याज ८ टक्के असेल तर दर महिन्याला खिशातून भर घालावी लागणार. ती भर काही वर्षं झेपणार असेल तरच घ्या.

रीट म्हणजे अनेकांचे पैसे गोळा करून ऑफिस, मॉल, गोदामं असल्या भाड्याच्या इमारती धरणारी संस्था. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने हा प्रकार सुरू झाला, तिथे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना वाटावाच लागतो, आणि नंतर बऱ्याच देशांनी तसेच नियम केले. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेलं, रीट शेअरसारखं विकता येतं, थोड्या पैशात सुरुवात होते, भाडेकरूचा फोन येत नाही. मात्र भाव रोज हलतो, व्याजदर वाढले की बऱ्याचदा दबतो, आणि निर्णयात तुमचा काही हात नाही. ज्याला वेळच नाही त्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पार्टनरशिपला भांडवल कमी लागतं, अनुभवी माणसाबरोबर काम शिकता येतं, मोठी डील आवाक्यात येते. पण बाहेर पडायला हाच सगळ्यात अवघड मार्ग, कारण तुमचा अर्धा हिस्सा घेणारा तिसरा माणूस सहजासहजी मिळत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी लेखी हवं: जास्तीचा खर्च आला तर कोण किती घालणार, विकायचं कोण ठरवणार, एकाला निघायचं असेल तर किंमत कशी काढायची, कोणी वारलं तर काय. मालकी हक्काचे कागद तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या, पार्टनरच्या वकिलावर भागवू नका.

आणि ओळखी तिन्हीकडे लागतात, रीटवाल्यालाही, कारण मार्केट कळायला माणसं लागतात. फक्त बड्या गुंतवणूकदारांच्या मागे लागू नका, प्लंबर, ठेकेदार, भाड्याचं काम बघणारे एजंट यांना कुठली बिल्डिंग गळते, कुठे भाडेकरू टिकत नाहीत हे आधी कळतं. दुसऱ्या गुंतवणूकदाराला भेटताना रिकाम्या हाताने जाऊ नका, एखाद्या डीलचा तुम्ही केलेला हिशोब दाखवा आणि यात काय चुकलंय विचारा, लोक मनापासून सांगतात. नुसतं ‘मला शिकवा’ म्हटलं की संवाद तिथेच थांबतो.

पार्टनर म्हणून कोणाचा विचार करत असाल तर त्याच्या सगळ्यात वाईट डीलबद्दल विचारा, किती महिने रिकामी होती, तोटा कोणी भरला, तो जुना पार्टनर आज बोलतो का, आणि त्या जुन्या पार्टनरला स्वतः फोन करा. खात्रीशीर परतावा सांगणारा, ‘आजच ठरवा’ म्हणणारा, किंवा आधीच्या लोकांना नव्यांच्या पैशातून देणारा दिसला तर कितीही गोड बोलत असो, तिथे एक रुपयाही देऊ नका.