माइकशेजारी चालणारा सीपीयू कूलर : डीपकूल एके ४००

डीपकूलचा एके ४०० हा सीपीयू कूलर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थंड ठेवणारी वस्तू, माझ्या डेस्कटॉपला बसवला, त्यानंतर ठाण्याचा एक अख्खा उन्हाळा त्याने काढला. घेताना अडीच हजारांच्या आसपास पडला. या किमतीत माझ्या कामाला याहून चांगला कूलर मला सापडला नाही. बहुतेक जण सीपीयू कूलर घेताना प्रोसेसर किती अंशांनी थंड होतो एवढंच बघतात. मला थंडावा हवाच होता, पण त्याच्याआधी शांतता हवी होती.

मी आवाजाचं काम करते. ऑडिओबुक, माहितीपटांचं निवेदन, कधी बँकांच्या फोनवर ऐकू येणाऱ्या सूचना. घर कासारवडवलीला, घोडबंदर रोडपासून फार आत नाही. रात्री अकरानंतर घरातली वर्दळ थांबते तेव्हा रेकॉर्डिंगला बसते, पण रस्त्यावर कंटेनर आणि ट्रक त्याच वेळी सुटतात. म्हणून आतली बेडरूम, खिडक्या घट्ट बंद, भिंतीला गोधड्या लावलेल्या. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद, सीलिंग फॅनही बंद. मे महिन्यात अशा खोलीत तासाभरात पारा ३३-३४ वर जातो. त्याच खोलीत, टेबलाखाली, माइकपासून हातभर अंतरावर कॉम्प्युटर.

घरच्या रेकॉर्डिंगचं खरं दुखणं इथे आहे. एसी बंद केला की खोली तापते, खोली तापली की प्रोसेसर तापतो, आणि प्रोसेसर तापला की त्याचा पंखा जोरात फिरून नेमका माइकमध्ये येतो. ऑडिओबुकच्या कामात दोन वाक्यांच्या मधली शांतता साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते (उण्यातला आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त). प्रोसेसरसोबत खोक्यात आलेल्या छोट्या कूलरवर माझ्याकडे ती उणे ५३ च्या आसपास राहायची. तो कूलर वाईट नव्हता. चार बोटं उंचीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि वर पंखा, ऑफिसच्या कामाला पुरेसा. पण एवढ्याशा ठोकळ्यातून उष्णता बाहेर काढायची तर पंख्याला जोरात फिरण्याशिवाय पर्याय नसतो.

पंख्याच्या आवाजाचा हिशेब एकदा समजून घेतला की खरेदी सोपी होते. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे हवेचं नुकसान थोडं आणि शांततेचा फायदा भरपूर. म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि हळू फिरवायचा. दुसरी गोष्ट सुराची. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २,१०० फेऱ्या घेत असेल तर त्याची गुणगुण २४५ हर्ट्झला येते, आणि बाईमाणसाचा बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे ती गुणगुण थेट माझ्या आवाजात जाऊन बसते. सॉफ्टवेअरने ती काढायला जावं तर आवाजाचा गाभाही तिच्यासोबत निघून जातो आणि शब्द पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येतात. ७०० फेऱ्यांवर तसाच पंखा ८० हर्ट्झच्या आसपास उतरतो. तिथे माझ्या आवाजातलं काहीच नसतं, त्यामुळे तो भाग बिनधास्त कापता येतो.

खरेदीला निघाले तेव्हा ठाण्यातल्या एका दुकानात मला लिक्विड कूलर घ्या म्हणून फार आग्रह झाला. "ताई, पाण्याचा घ्या, एकदम सायलेंट, लाइटपण मस्त दिसते." मी पंपाच्या आवाजाचं विचारलं तर त्यावर उत्तरच मिळालं नाही. लिक्विड कूलरमध्ये पाणी फिरवणारा पंप कॉम्प्युटर चालू असेपर्यंत चालूच असतो, प्रोसेसर रिकामा बसलेला असला तरी. शिवाय रेडिएटरवर पंखे असतातच. खूप वीज खाणाऱ्या प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे, पण माझ्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पैसा कशासाठी घालायचा? साध्या टॉवर कूलरमध्ये (धातूच्या पातळ पात्यांचा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा, एके ४०० त्यातलाच) हलणारी वस्तू एकच, तो पंखा, आणि तोसुद्धा बिघडला तर पाचशे-सातशे रुपयांत दुसरा लावता येतो.

नौपाड्यातल्या दुसऱ्या दुकानात मात्र मालकांनी आधी विचारलं, "कॅबिनेटची रुंदी मोजून आणलीत का?" तिथेच मी ठरवलं की वस्तू इथूनच घ्यायची. टॉवर कूलर मदरबोर्डवर काटकोनात उभा राहतो, त्यामुळे त्याची उंची कॅबिनेटच्या रुंदीत मावावी लागते. एके ४०० ची उंची १५५ मिलिमीटर. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-यू१२एस १५८ आणि त्यांचा दोन टॉवरचा एनएच-डी१५ तब्बल १६५. अरुंद कॅबिनेटमध्ये या दहा मिलिमीटरांवर झाकण बसेल की नाही ते ठरतं. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते, आधी तो आकडा बघायचा आणि मगच बाकीचं. रॅमवर उंच पत्रे असतील तर पंखा पहिल्या खाचेवर येतो का तेही बघा. माझी रॅम बुटकी, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, ते तर तपासायचंच. एएमडीच्या एएम ४ सॉकेटला मदरबोर्डच्या मागे लोखंडी पट्टी असते, तिचाच वापर करून हा कूलर बसतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं, म्हणून कपाटात पडलेला जुना कूलर नव्या बोर्डवर लावायचा तर वेगळी पट्टी मागवावी लागते. जुना माल स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्यांनी हे विचारूनच घ्यावं.

नॉक्टुआबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. ऑस्ट्रियाची कंपनी, तपकिरी आणि बदामी रंगाचे पंखे, सहा वर्षांची वॉरंटी. रोज आठ-दहा तास स्टुडिओ चालवणाऱ्याने तोच घ्यावा असं मी सांगेन. माझ्या बजेटमध्ये तो बसत नव्हता, एके ४०० पेक्षा दुपटीहून महाग पडत होता. आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरवर, हळू फिरणाऱ्या पंख्यावर, दोघांतला फरक माझ्या माइकला कळला असता असं मला वाटत नाही.

आता बसवण्याबद्दल. हे घरी करता येतं, पण एएम ४ वाल्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि त्याला वरून धरून ठेवणारी चौकट नसते. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता पुढे नेणारी पेस्ट लावलेली असते, जुनी झाली की ती वाळून घट्ट होते. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं मशीनला जड काम द्या, पेस्ट मऊ होऊ द्या. मग मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर उचलण्याआधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा. चिकटलेलं सुटतंय हे बोटांना कळतं, एक बारीकसा 'चक्' असा आवाज येतो, त्यानंतरच वर घ्यायचा. नव्या एएम ५ मध्ये पिना मदरबोर्डवर गेल्या आणि प्रोसेसरवर चौकट आली, त्यामुळे ही भीती उरली नाही.

जुनी पेस्ट मी सुती फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसली. प्रोसेसरच्या पाठीवरची अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत पुसायचं. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. हीटसिंक, म्हणजे कूलरचा पंख्याशिवायचा धातूचा भाग, ठेवून आवळला की दाबाने तीच पसरते. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरी उचलली जाते. शेवटी पंखा. तो दोन तारेच्या क्लिपांनी हीटसिंकला अडकतो. कॅबिनेटच्या आत हात घालून त्या तारा हीटसिंकच्या पात्यांच्या खाचेत बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात कटकटीचा भाग. बहुतेक टॉवर कूलरांना ही तार असते. पंख्याने हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे ढकलली पाहिजे. वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांवरच लावायची, नाहीतर सुरू करताच पंखा सापडत नाही अशी तक्रार स्क्रीनवर येते.

कूलर बसवला म्हणजे शांतता आली असं मात्र नाही. निम्मं काम बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे आणि दुकानदार ते सांगत नाहीत. हल्लीचे प्रोसेसर साधा ब्राउझर उघडला तरी क्षणभर उसळी घेतात, तापमान दहा-पंधरा अंशांनी वर जाऊन लगेच खाली येतं. बोर्डची मूळ सेटिंग प्रत्येक उसळीमागे पंखा पळवते. असा चढ-उतार करणारा पंखा एकसारख्या आवाजापेक्षा फार वाईट, कारण एकसारखा आवाज सॉफ्टवेअरला ओळखता येतो आणि कानालाही सवय होते. मी ६५ अंशांपर्यंत पंखा ७००-७५० फेऱ्यांवर ठेवला, तिथून ८० पर्यंत हळूहळू चढता केला, त्यापुढे पूर्ण मोकळा सोडला. शिवाय वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय माझ्या बोर्डवर होती, ती चालू केली. एके ४०० चा पंखा १२० मिलिमीटरचा, ५०० ते १,८५० फेऱ्यांचा. खालचा टप्पा एवढा खाली जातो म्हणूनच हे जमलं.

आकडे माझ्या खोलीतले, एसी बंद असतानाचे. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर ४६ ते ५० अंश, पंखा सातशेच्या घरात. प्रकरणं साफ करून एक्सपोर्ट करताना, सहाही कोअर कामाला लागले की ७३-७४ अंश. जुन्या कूलरवर हेच काम ९० च्या जवळ जायचं आणि माझ्या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. दोन वाक्यांमधली शांतता आता उणे ६३ च्या आसपास मिळते. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, हे लक्षात घ्या. ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच्या पंख्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल.

परदेशी परीक्षणं बघून कूलर ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना. ती चाचणी बहुतेक वेळा २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असते. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती चढायचं ते ठरवतो. त्यांचे ६५ म्हणजे आपल्या मेमधले ७५. हे दहा अंश मनाशी जोडूनच आकडे वाचायचे. खोक्यावर लिहिलेल्या वॉटच्या आकड्यावरही फार विसंबू नये, प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी असते. प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या किती, पंखा केवढा, तो किती हळू फिरू शकतो, हे तीन प्रश्न जास्त उपयोगी. एके ४०० मध्ये सहा मिलिमीटरच्या चार नळ्या आहेत.

आणि धूळ. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम इतकी वर्षं चालू आहे की आमच्याकडे सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी बोटाने लिहिण्याजोगं होतं. टॉवर कूलरच्या धातूच्या पात्या एकमेकींच्या अगदी जवळ असतात, पंख्याच्या बाजूने त्यांच्यावर करडा थर धरतो आणि तापमान हळूहळू चढायला लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी तारेच्या क्लिपा काढून पंखा बाजूला करते, रंगकामाच्या मऊ ब्रशने वरून खाली झाडते, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, हवेने तो गरागरा फिरू दिला तर बेअरिंग लवकर जातं. समुद्राची दमट हवा आणि धूळ एकत्र आली की हा थर चिकट होतो, म्हणून पावसाळ्यानंतरची सफाई मी कधी टाळत नाही.

तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा असेल आणि कॅबिनेटला पुढून जाळी असेल तर एके ४०० डोळे झाकून घ्या. पुढे बंद काच असलेलं कॅबिनेट असेल तर आधी तिथे पैसे घाला, कारण आत गार हवाच येत नसेल तर कोणताही कूलर तीच गरम हवा फिरवत बसतो. प्रोसेसर १०५ वॉटचा किंवा त्याहून जड असेल, व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर दोन टॉवर आणि सहा नळ्यांचा थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बघा. उंची त्याचीही १५५ च आहे, पण पंखे दोन, त्यामुळे रॅमची उंची मोजल्याशिवाय मागवू नका.