आईची केमो आणि पीडीक्यूची पानं: आठ महिन्यांचा अनुभव

आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू थ्री प्लस असं लिहिलं होतं, म्हणजे हार्मोनवर न वाढणारा, पण हर-टू हे प्रथिन जास्त असलेला कॅन्सर, हे नंतर कळलं. परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी नीट समजावलं, पण बाहेर नंबर लावून बसलेली माणसं बघता जास्त विचारायचा धीर होत नाही. भांडुपला परतताना लोकलमध्ये आई म्हणाली, "काय म्हणाले गं नेमकं?" मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पीडीक्यू ही मोफत माहिती वापरतेय. तिच्यात स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांवर दोन वेगळी पानं आहेत. एक रुग्णांसाठी सोप्या भाषेत, दुसरं डॉक्टर-नर्सेससाठी, संशोधनाच्या दाखल्यांसकट. माझी वहिनी पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ती दुसरं वाचायची, मी पहिलं, आणि रात्री भांडी आवरल्यावर दोघी बसून ताडून बघायचो. हर-टूवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो एवढं मला कळलं होतं. लाल केमो, म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, हृदयाला तसंच जड असल्यामुळे ही दोन्ही औषधं सहसा एकत्र देत नाहीत, हे वहिनीने सांगितलं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, "टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी कधी करायची?" त्यांनी फाइलच्या पाठीवर सगळ्या तारखा लिहून दिल्या. तो पुठ्ठा अजून जपून ठेवलाय.

या वाचनाचा खरा उपयोग केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) झाला. नवव्या दिवशी संध्याकाळी आईला १०१ ताप. "घाम आला की उतरेल," म्हणून ती क्रोसिन शोधायला लागली. पण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, आणि तेव्हा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप आला तरी लगेच रुग्णालय गाठायचं, हे मी वाचून फ्रिजवर चिकटवलं होतं. गोळी न देता रिक्षा काढली. सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी फारच कमी निघाल्या, तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवसांनी आई घरी आली.

दोन गोष्टी आधीच सांगते. ही माहिती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. आईसाठी मी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवत गेले. जासकॅप या मुंबईच्या संस्थेच्या मराठी पुस्तिकांमुळे शब्द सापडायला सोपं गेलं. पेरिफेरल न्यूरोपॅथीपेक्षा "हातापायांना मुंग्या" लिहिलं की आई लगेच म्हणायची, "हो, हेच होतंय मला." दुसरं, औषधाचा खर्च आणि आपल्याकडच्या योजना यांच्याबद्दल तिथे काही मिळणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातच करा, आणि रेशनकार्ड पहिल्याच दिवशी सोबत न्या.

डॉक्टरांसाठीच्या पानावर जगण्याच्या टक्केवारीचे आकडे असतात. ते रात्री एकटीने वाचू नका. मी वाचले आणि पहाटेपर्यंत जागी होते. सकाळी वहिनीने समजावलं की ते आकडे अभ्यासातल्या हजारो बायकांचे आहेत, आईचे नाहीत.

केमो संपली, ऑपरेशन झालं. ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी चालू आहे. आता आई स्वतः वही उघडते आणि ओपीडीला निघायच्या आदल्या रात्री शेवटच्या पानावर आपले प्रश्न लिहून काढते. परवा तिथे चार होते.