मेंढ्या की हरणं? स्कॉटलंडच्या डोंगरात अनुदानाचा हिशेब

स्कॉटलंडमध्ये डोंगराळ जमीन घेऊन जनावरं पाळायची म्हटली, की मेंढ्यांच्या जोडीला लाल हरणांचंही नाव निघतं. (आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली चितळ-सांबर पाळून मांस विकणं हा गुन्हा आहे. हरीणपालनाचे व्हिडिओ पाहून भुलू नका.) तिथे ग्लेनसॉ इथं १९७० साली प्रायोगिक हरीणशेती सुरू झाली. रानातलं हरीण तिथल्या कायद्यात मारलं जाईपर्यंत कुणाच्याच मालकीचं नसतं. कुंपणातलं हरीण मात्र शेतकऱ्याचं. अनुदानात धरलं जातं ते हे दुसरं.

मूळ अनुदान हेक्टरवर मिळतं. जमिनीचे तीन वर्ग केलेत. पहिल्या वर्गाच्या कुरणाला हेक्टरी दोनशे पौंडांच्या घरात पैसे पडतात, तिसऱ्या वर्गाच्या खडकाळ माळाला जेमतेम दहा-पंधरा. माळावर नुसतं नाव लावून पैसे उचलणाऱ्यांना चाप बसावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात थोडी तरी जनावरं चरायला हवीत, अशी अट आहे. इथपर्यंत मेंढी आणि पाळीव हरीण एकाच रांगेत.

फरक पुढे पडतो. तिसऱ्या वर्गाच्या जमिनीवर भिस्त असलेल्या मेंढपाळाला वेगळं अनुदान मिळतं: घरच्याच कळपात जन्मलेल्या, वर्षाच्या आतल्या मादीमागे ६० पौंडांच्या आसपास, आणि तेही दर चार हेक्टरांमागे एकाच मादीला. ती १ डिसेंबर ते ३१ मार्च कळपात ठेवावी लागते, तपासनीस मोजायला येऊ शकतो. मांसासाठीच्या गाईंच्या वासरांनाही असंच अनुदान आहे. हरणाच्या पाडसाला दमडी नाही. ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हाच्या, संघाच्या २०१३च्या नियमात अशा मदतीची यादी होती. त्यात रेशीमकिड्यालाही जागा मिळाली, हरणाला नाही.

जुन्या हरीणवाल्यांचा राग त्याहून जुना. २००५ साली स्कॉटलंडने अनुदान ठरवलं ते २०००-०२ मध्ये कुणी किती उचललं होतं त्यावरून. हरणांना तेव्हा काहीच मिळत नव्हतं, म्हणून पुढेही काही नाही. २०१५ला हिशेब जमिनीवर आला तेव्हा कुठे दार उघडलं.

आता खर्च. मेंढीला कंबरेएवढं कुंपण पुरतं; हरणाला सुमारे दोन मीटर उंच जाळी लागते, शिवाय उंच भिंतींचा, अंधारा हाताळणीवाडा (जनावरं पकडून तपासायची जागा), कारण उजेडात बिथरलेलं हरीण भिंतीवर उडी घेतं. ऑक्टोबरात माजावर आलेल्या नराच्या वाटेला शहाण्याने जाऊ नये. उलट लोकर कातरणी नाही, खुरं छाटणं नाही, विण्याच्या वेळी रात्री जागणं नाही. मादी वर्षाला एकच पाडस देते, पण मेंढीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं देते. कोवळी शिंगं कापून विकण्याचा जो जोडधंदा न्यूझीलंडमध्ये चालतो, तो ब्रिटनमध्ये १९८० पासून बंद आहे. न्यूझीलंडने १९८४ नंतर शेतीची अनुदानंच काढून टाकली आणि तरीही हरीणपालन टिकलं, हे खरं. पण त्यांच्या हिशेबात शिंगांचा पैसा आहे, तुमच्या नाही.

माझं मत विचाराल तर: जमीन तिसऱ्या वर्गाची, भांडवल बेताचं आणि भाडेपट्टा पाच-सात वर्षांचा असेल, तर मेंढ्याच. हरणांचं कुंपण उभारून पैसे वसूल व्हायच्या आत पट्टा संपायचा आणि जाळी मालकाच्या जमिनीत राहायची. पहिल्या वर्गाचं कुरण, स्वतःची किंवा लांब मुदतीची जमीन आणि हरणं घेणारा कत्तलखाना आवाक्यात असेल, तर मात्र हरणं नाकारू नका; ते ६० पौंड तसेही तिसऱ्या वर्गावर भिस्त असलेल्यांनाच मिळतात. कत्तलखान्याचं आधी विचारा, सगळे हरणं घेत नाहीत.

इंग्लंडात जमीन पाहत असाल तर यातलं बरंचसं गैरलागू आहे. तिथलं जुनं हेक्टरी अनुदान २०२३ला संपलं. २०२४ ते २०२७ जे हप्ते मिळतात ते जुन्या लाभार्थ्यांनाच, मग ते मेंढ्या पाळोत, हरणं पाळोत की काहीच न पाळोत.