सण कुठे करायचा: घरी, नातेवाइकांकडे, की बदली माणूस ठेवून?

घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असलं, की सण जवळ आल्यावर फोन सुरू होतात. ‘मग यंदा काय ठरवलंय?’ विचारणाऱ्याला फक्त दिवस आणि वेळ हवी असते. ऐकणारीच्या डोळ्यांपुढे मात्र औषधांचा डबा, डायपरचा संपत आलेला गठ्ठा आणि गेल्या आठवड्यातल्या मोडक्या रात्री उभ्या राहतात.

होम्स आणि राहे या दोन संशोधकांनी १९६७ साली ताण मोजण्यासाठी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली होती. यादी अमेरिकेतली, म्हणून तिच्यात सण म्हणजे नाताळ. त्याला त्यांनी १२ गुण दिले आणि घरातल्या माणसाची तब्येत बदलण्याला ४४. आमच्यासारख्यांकडे हे दोन्ही एकाच आठवड्यात येतात, आणि बारा गुणांची सगळी तयारी चव्वेचाळीस गुणवालीनेच करायची असते.

तर मार्ग तीन. सगळ्यांना आपल्याच घरी बोलवायचं, आजारी माणसाला घेऊन नातेवाइकांकडे जायचं, किंवा आपल्या जागी आजारी माणसाकडे बघणारा बदली माणूस ठेवून आपण एकट्याने जायचं. सासूबाईंच्या आजारपणात मी तिन्ही करून पाहिले. त्यांना पार्किन्सन्स होता.

आधी रात्रीचं बोलू, कारण बाकी सगळं निभावून नेता येतं. घरी सण केला तर आजारी माणूस आपल्या पलंगावर झोपतो, पण पाहुणे मुक्कामाला असले तर आपली झोप जाते. दुसऱ्याच्या घरी उलट होतं. कामं कमी असतात, पण अनोळखी खोलीत माणूस मध्यरात्री उठतो, संडासाचं दार सापडत नाही, अंधारात पाय अडखळतो. स्मृतिभ्रंश असेल तर नव्या जागेत गोंधळ वाढतो आणि ‘घरी चला’ हा धोशा पहाटेपर्यंत चालतो. रात्रभर झोप मिळण्याची शक्यता फक्त तिसऱ्या मार्गात, तीही बदली माणूस रात्रीचा असेल तर. दिवसाचे चार तास मोकळे मिळाले आणि रात्र आपल्याच गळ्यात राहिली, तर चेहऱ्यावर हसू आणून चार तास बसायचं, एवढंच हाती लागतं.

औषधांच्या वेळा हा दुसरा मुद्दा. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं औषध घेणाऱ्याला गोळी उशिरा मिळाली की अंग आखडतं, आणि काही जणांत प्रथिनं जास्त असलेल्या जेवणासोबत घेतली तर ती नीट लागू पडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण लांबलं की साखर उतरण्याची भीती. सणाच्या दिवशी कुणाकडेच जेवण वेळेवर होत नाही. आपल्या घरी निदान आजारी माणसाचं ताट आधी वाढता येतं. दुसऱ्याकडे तेच मागायला जीभ रेटत नाही. मी एकदा संकोचाने गप्प बसले. गोळीला दीड तास उशीर झाला आणि सासूबाईंना खुर्चीतून उठवायला तीन माणसं लागली. तेव्हापासून जाण्याआधीच फोनवर सांगायला लागले, ‘त्यांचं जेवण साडेबाराला, आम्ही डबा घेऊन येतो.’ कुणालाही राग आला नाही.

गर्दी आणि आवाज. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची बेचैनी बऱ्याचदा दुपार उतरल्यावर वाढते, म्हणून घरी बोलवायचं असेल तर सकाळी, एका वेळी तीन-चार जण आणि तासा-दीड तासापुरतं. एक खोली शांत ठेवायची, तिथे कुणी जायचं नाही. दुसऱ्याच्या घरी अशी खोली मागावी लागते आणि मिळाली तरी तिच्यात सगळ्यांच्या पिशव्या पडलेल्या असतात. ‘ओळखलंत का मला?’ ही परीक्षा घेणारे दोन्हीकडे भेटतात. त्यांना दारातच सांगून ठेवावं, की स्वतःचं नाव आणि नातं आपणच सांगा.

बदली माणसाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत हा मार्ग विचारातही न घेता बाजूला पडतो. बदली माणूस सणाच्या दिवशीच पहिल्यांदा आणू नये. दोन आठवडे आधी दोन-तीन पाळ्या आपण घरात असताना करून घ्याव्यात. सणाला त्यांनाही सुटी हवी असते, त्यामुळे उशीर केला तर कुणी मिळत नाही. एका कागदावर लिहून द्यावं: कोणतं औषध कधी, कूस किती वेळाने बदलायची, उठवताना हात कुठे धरायचा, आणि लघवीला लागली की हे माणूस नेमकं काय करतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्या सासूबाई पदर चाळवायच्या, तोंडाने बोलायच्या नाहीत. भाऊ, नणंद, दीर यांपैकी कुणी एक रात्र घेणार असेल तर उत्तमच, पण त्यांनीही आधी एक रात्र आपल्यासोबत जागून पाहिलेली हवी.

राहता राहिलं मनाला खाणारं अपराधीपण. ‘सेवा आहे ही, तिचा कसला आलाय थकवा,’ असं म्हणणारे घरोघरी असतात. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ६६ ते ९६ वयाच्या लोकांचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतल्या मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. ताण न जाणवणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. हे आकडे मी भांडणात वापरले नाहीत, पण बदली माणूस पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन लावताना मला आधार त्यांचाच वाटला.

आता निवड. स्मृतिभ्रंश असेल तर घरीच, लहान आणि सकाळचा सण. डोकं शाबूत असून शरीर थकलेलं असेल, तर नातेवाइकांकडे जरूर न्या. चार माणसांत बसायची भूक त्यांनाही असते, आणि सणाला आपल्याला वगळलं हे त्यांना लागतं. तिथलं संडास-बाथरूम आधी बघून घ्या आणि दिवसभर राहून रात्री परत या. पण तुम्हीच महिनोन्‌महिने सलग झोपला नसाल, तर पहिले दोन पर्याय सोडा आणि बदली माणूस शोधा. एक चौथाही मार्ग आहे: यंदा काहीच न करणं. माणूस नुकतंच हॉस्पिटलातून घरी आलं असेल किंवा शेवटचे दिवस असतील, तर मी तोच घेईन. फक्त तो वेळेत कळवावा, म्हणजे ऐनवेळी कुणी पिशव्या घेऊन दारात उभं राहत नाही.

कळवताना लांबण लावू नका. मी एवढंच म्हणायचे: ‘यंदा आमच्याकडे जमणार नाही. तुम्ही शनिवारी दहा ते दोन यांच्याजवळ बसाल का? मी तेवढ्यात झोपून घेते.’ तिघांना विचारलं की एक तरी हो म्हणायचा.