लूर्द-फातिमा की इटली? पॅरिशच्या यात्रेला नाव देण्याआधी

परवा मावसबहिणीने दोन यात्रांची पत्रकं फोनवर पाठवली, एक फातिमा-आविला-लूर्द (पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स) आणि दुसरं पादुआ-असिसी-कास्सिया-पाद्रे पिओ-रोम (सगळं इटलीत), दोन्ही बारा दिवसांची, दोन्हीला पॅरिशचे, म्हणजे आपल्या चर्चचे, फादर बरोबर, आणि खाली एकच ओळ, "मम्मीला घेऊन जायचंय, पैसे एकदाच साठलेत, कुठली घेऊ सांग." मी या दोन्ही केल्यात, 2018 ला आईला घेऊन लूर्द-फातिमा आणि 2023 ला आईशिवाय इटली, त्यामुळे फोनवर बोलायला लागले तर तासभर गेला तरी संपेना, म्हणून सगळं लिहूनच काढते, आपल्या वसईत आणखी कोणाच्या घरी हाच प्रश्न पडला असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी माझं मत सांगून टाकते. तिची मम्मी म्हणजे माझी मावशी आता सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, तर लूर्द-फातिमा. बरोबर कॉलेजची मुलं असतील, चालायची ताकद असेल आणि संतांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या असतील तर इटली. आणि पत्रकात किती संतांची नावं छापलीत ते बघू नका, कुठे किती रात्री झोपायचंय ते बघा, मी दुसऱ्या खेपेला तेच बघितलं नाही आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

लूर्दबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. 1858 साली 11 फेब्रुवारी ते 16 जुलै या काळात बर्नदेत या चौदा वर्षांच्या मुलीला मस्साबियेलच्या गुहेत मरियामाउलीचं अठरा वेळा दर्शन झालं हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, घरातल्या आल्तारावर (देव्हाऱ्यावर) ती मूर्ती असतेच. पण तिथे गेल्यावर जे जाणवतं ते असं की या गावात आजारी माणूस पाहुणा नसतो, यजमान असतो. व्हीलचेअरवाले, निळ्या छपराच्या हातगाड्यांत बसलेले, त्यांच्यासाठी वेगळी वाट, मिरवणुकीत सगळ्यात पुढे तेच, आणि त्यांना ओढायला जगभरातून स्वतःच्या खर्चाने आलेले स्वयंसेवक. आईला आपल्याकडे लग्नाकार्यात सुद्धा मागे खुर्ची टाकून बसवतात, "तुम्ही बसा आरामात," आणि इथे एका परक्या मुलीने तिची व्हीलचेअर घेतली आणि थेट पुढच्या रांगेत नेऊन ठेवली, तेव्हा आई रडली आणि मी पण.

सीझनमध्ये, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, रोज रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक असते, वेगवेगळ्या भाषांत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, आणि गाण्यात "आवे" (मरियेला वंदन) आलं की हजारो हात मेणबत्ती वर उचलतात. भाषा कळत नाही पण रोझरी कळते, कुठल्या क्षणी मान खाली घालायची ते आईला कोणी सांगावं लागलं नाही. संध्याकाळी पाचची पवित्र साक्रामेंताची (ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या पावाची) मिरवणूक आणि आजाऱ्यांना आशीर्वाद, ते वेगळंच. आता बघा, रात्री नऊची मिरवणूक आहे आणि तुमचं हॉटेल लूर्दच्या बाहेर वीस किलोमीटरवर असेल तर काय उपयोग? म्हणून हॉटेल गावातच आहे का, चालत किती मिनिटं, आणि दोन तरी रात्री आहेत का, हे मीटिंगमध्ये उठून विचारायचं, लाजायचं नाही.

गुहेतल्या झऱ्याच्या पाण्याचं पण विचारून घ्या. आम्ही गेलो तेव्हा कुंडात पूर्ण बुडी घेता यायची, बायकांची रांग वेगळी, ओल्या चादरीत गुंडाळून दोघी जणी हात धरून उतरवायच्या, थंडगार पाणी, आणि बाहेर आल्यावर टॉवेलने पुसायचंच नाही, तसेच कपडे घालायचे. कोविडच्या काळात ते थांबलं आणि हात धुणं, तोंड धुणं, ओंजळीने पाणी पिणं अशी पद्धत आली, तर तुमच्या तारखांना काय चालू आहे ते फादरांकडून खात्री करून घ्या म्हणजे मम्मी उगाच आस लावून बसणार नाही. नळाचं पाणी मात्र फुकट, हवं तेवढं भरा, फक्त बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत बऱ्याच एअरपोर्टवर 100 मिलिलिटरच्या वर नेऊ देत नाहीत आणि आमच्यातल्या एका काकूंच्या पाच बाटल्या एअरपोर्टवर तशाच राहिल्या. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बर्नदेतचं शव लूर्दमध्ये नाही, ते नव्हेरला आहे, तिथून खूप लांब, त्यामुळे ते बघायचं असेल तर पत्रकात नव्हेर आहे का बघा, आमच्यात नव्हतं.

फातिमा त्या मानाने शांत, मोठं मोकळं पटांगण, सपाट, म्हातारी माणसं सहज फिरतात. 1917 च्या 13 मे पासून 13 ऑक्टोबरपर्यंतची मरियेची दर्शनं, ती ज्या मुलांना झाली त्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता तिघांच्या समाध्या तिथल्याच बॅसिलिकात, त्यातल्या धाकट्या दोघांना 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथेच संत जाहीर केलं. लोक गुळगुळीत दगडी पट्ट्यावरून गुडघ्यांवर चालत दर्शनाच्या छोट्या चॅपेलपर्यंत जातात. आणि मेणाचे हात, पाय, डोकी, नवस फेडायला, अगदी आपल्या वांद्र्याच्या मोत मावलीसारखे, ते बघून आई म्हणाली, "हे तर आपलंच." मे ते ऑक्टोबर कुठल्याही 13 तारखेला गेलात तर गर्दी प्रचंड पण वातावरणही तसंच, आजारी माणूस बरोबर असेल तर 13 तारीख टाळा असं मी सांगेन.

या यात्रेचा खरा त्रास म्हणजे मधला प्रवास. फातिमा ते लूर्द रस्त्याने जवळपास हजार किलोमीटर, मध्ये सालामांका, आविला, बुर्गोस असे मुक्काम टाकतात. आविला संत तेरेजाचं गाव, तटबंदी सुंदर, पण तिची समाधी आल्बा दे तोर्मेसला आहे, तिथे बस थांबणार का ते विचारा. सलग दोन दिवस बसमध्ये आईचे पाय सुजले, शेवटी एका डॉक्टर जोडप्याने तिला मागची पूर्ण सीट आडवी करून दिली. काही ग्रूप लिस्बनहून विमानाने तुलूझला जातात, थोडे पैसे जास्त पडतात पण मावशीसाठी तेच घे.

आता इटली. इथे अंतरं कमी आणि संत जास्त, एकच देश, एकच बस. पादुआला संत अंतोनी, आपल्याकडे मंगळवारच्या नोव्हेनाला (नऊ वारांच्या प्रार्थनेला) बसायला जागा मिळत नाही त्या अंतोनीची समाधी, लोक समाधीच्या दगडावर तळहात टेकून उभे राहतात, फोटो, चिठ्ठ्या ठेवतात, आणि मागच्या चॅपेलमध्ये त्यांची जीभ जपून ठेवलेली आहे. गंमत अशी की संत अंतोनी जन्मले लिस्बनमध्ये, 1195 ला, त्यामुळे लिस्बनला उतरणाऱ्या यात्रेत कॅथेड्रलजवळचं त्यांच्या जन्मस्थळाचं चर्च मिळतं, तर अंतोनीसाठी म्हणून इटली, असं धरून चालू नका, दोन्हीकडे ते भेटतात. तसंच आपल्या संत फ्रान्सिस झेव्हियरचं. शव जुन्या गोव्यात, ते आपण सगळ्यांनी बघितलंय, पण ज्या उजव्या हाताने बाप्तिस्मे दिले तो हात रोमच्या जेसू चर्चमध्ये आहे, संत इग्नेशियसची समाधीही त्याच चर्चमध्ये. रोमच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा जेसू नसतं, आम्ही आठ जण फादरांना सांगून मोकळ्या वेळात गेलो, मला सगळ्या रोममध्ये तो अर्धा तासच जास्त आठवतो.

असिसी बद्दल किती लिहू. टेकडीवरचं दगडी गाव, संत फ्रान्सिसची समाधी खाली तळघरात, संत क्लाराचं चर्च, ज्या क्रुसाने फ्रान्सिसशी बोलणं केलं तो सान दामियानोचा क्रूस, आणि खाली मैदानात मोठ्या बॅसिलिकाच्या पोटात पोर्झिउंकोलाचं इवलंसं चॅपेल. आणि आता कार्लो आकुतिस, 2006 ला पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा, जीन्स आणि स्पोर्ट शूजमध्ये काचेमागे, 7 सप्टेंबर 2025 ला संत झाला. माझा भाचा आख्ख्या यात्रेत मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हता, तिथे मात्र वीस मिनिटं हलला नाही, म्हणून म्हणते घरातली मुलं येणार असतील तर इटलीचा विचार करा. पण सगळं चढउतार, बस खाली थांबते, काही ठिकाणी सरकते जिने आहेत तरी पुढे दगडी चढण आहेच. कास्सियाला अशक्य गोष्टींची कैवारी संत रिटा, तेही डोंगरात. संत पाद्रे पिओचं गाव सान जोवान्नी रोतोन्दो पार पूर्वेला, रोमहून बसने चार-पाच तास. रोममध्ये मोठ्या बस आत सोडत नाहीत, उतरून चालायचं, सेंट पीटर्सला सिक्युरिटीची रांग, उन्हात तासभर सहज. मावशीला हे झेपणार नाही.

आणि आमची चूक सांगते. आमच्या एजंटने रोमचं हॉटेल शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर दिलं, रोज बसमध्ये जाता-येता अडीच-तीन तास, आणि असिसीला मुक्कामच नाही, चार तासात "चला चला", कारण युरोपात ड्रायव्हरच्या तासांचे नियम कडक, बस थांबवून ठेवता येत नाही. बारा दिवसांत अठरा चर्च बघितली आणि निवांत प्रार्थना कुठे केली विचाराल तर ती जेसूमधलीच. असिसीला एक रात्र असेल तर संध्याकाळी डे-ट्रिपवाले निघून गेल्यावर समाधीजवळ बसायला मिळतं, अशी रात्र असलेलं पत्रक दहा हजारांनी महाग असलं तरी घ्या.

रोमसाठी बुधवार हवा, पोपसाहेबांची भेट बुधवारी असते, तिकीट फुकट असतं पण आधी मागवावं लागतं, ते पॅरिशच्या पत्रावर ग्रूपला सोपं जातं. जुलैमध्ये साधारण ती बंद असते. पोप फ्रान्सिस यांची समाधी सांता मारिया माज्जोरेमध्ये आहे, ते पण बघून या. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे, नाहीतर दारातून परत.

पॅरिशबरोबरच का, नुसत्या टूर कंपनीबरोबर किंवा स्वतः का नाही, हेही बहिणीने विचारलं. स्वतः गेलात तर स्वस्त पडू शकतं आणि हवं तेवढा वेळ बसता येतं, तरुण नवरा-बायको असाल तर खुशाल जा, पॅरिसहून लूर्दला ट्रेन आहे. पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर आपले फादर, आपली भाषा, याची किंमत वेगळी आहे. ग्रूपसाठी चॅपेल बुक करून रोज मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते, लूर्दच्या एका बाजूच्या चॅपेलमध्ये आईने मराठीत बायबलचं वाचन केलं, ते कुठल्या पॅकेजमध्ये मिळणार? फक्त फादर तुमच्याच पॅरिशचे आहेत का आणि खरंच येणार आहेत का, निघण्याआधी तयारीच्या दोन-तीन मीटिंग होतात का, ते बघा, नाहीतर नाव पॅरिशचं आणि सगळा कारभार एजंटचा असं पण असतं. त्रास एकच, चाळीस जणांत दोघे तरी शॉपिंगमुळे रोज बस लेट करतात, ते सहन करायचं.

कागदपत्रं दोन्हीला सारखी. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच), फी 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, 30,000 युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि ज्या देशात सर्वात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, सहा महिने आधीपासून करता येतो तर लवकर करा, मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत. पैशांच्या बाबतीत पत्रकावरचा आकडा शेवटचा नसतो, व्हिसा, टिप, दुपारचं जेवण, हॉटेलला भरायचा सिटी टॅक्स, आणि वर टीसीएस (परदेशी टूरच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर), तो रिटर्न भरताना वळता होतो पण तेव्हा हातातून जातोच. सगळं मिळून किती ते एका कागदावर लिहून मागा.

अजून एक, पत्रकात कधी नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेला पहिला संत, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर पंचवीस जणांबरोबर मेला, 1862 ला संत झाला. टेकडीवर त्या सव्वीस जणांचं स्मारक आहे, नागासाकी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. आपण संतांसाठी अख्खा युरोप पालथा घालतो आणि आपल्याच किल्ल्यात वाढलेला पोरगा जिथे मेला तिथे वसईतून किती जण गेले? लांब आहे, महाग आहे, मावशीसाठी नाही, पण कुठल्या पॅरिशमध्ये चाळीस नावं जमत असतील तर माझं घाला.

बहिणीला शेवटी सांगितलं, लूर्दवालं पत्रक घे, पण आधी फोन करून विचार, लूर्दला रात्री किती, हॉटेल कुठे, आणि फातिमाहून पुढे बस की विमान. तिने विचारलं, लूर्दला एकच रात्र होती. फादरांशी बोलून चौदा कुटुंबांनी मिळून आविलाची रात्र लूर्दला वळवून घेतली, आता दोन आहेत, आणि मावशीने शेजाऱ्यांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या एका बिस्किटाच्या डब्यात जमवायला सुरुवात पण केली.