नाशिकचा रात्रीचा मुक्काम: ढाबा की पंपावरचं विश्रामगृह?

न्हावा शेवा बंदरातून माल भरून इंदूर-देवासकडे निघालेली गाडी दुपारी उशिरा सुटली, की अंधार पडता पडता कसारा घाट चढून नाशिकच्या अलीकडे-पलीकडे येते. तिथून धुळ्यापर्यंत ओढायचं की इथंच थांबायचं, हा प्रश्न या लाइनवरच्या प्रत्येकाला पडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे, इथंच थांबायचं. कुठं थांबायचं, हे मात्र नीट बोलण्यासारखं आहे. बरीच वर्षं मी आडगाव ते पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या ढाब्यांवर मुक्काम केला. आता शक्यतो पेट्रोल पंपावरच्या विश्रामगृहात करतो. गाडी माझी स्वतःची आहे आणि बहुतेक खेपांना मी एकटाच असतो. हे ध्यानात ठेवून वाचा, कारण सोबत क्लीनर असलेल्याचं गणित थोडं वेगळं बसतं.

बाकीचे पर्याय आधी बाजूला काढतो. शहरातच, म्हणजे अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत माल उतरवायचा असेल, तर ट्रक टर्मिनस किंवा ज्याच्याकडे माल जायचा त्याचं आवार बघावं. सरळ पुढं जाणाऱ्याने त्यासाठी शहरात शिरू नये. हमरस्त्याच्या कडेला, टोलनाक्याच्या पुढच्या पट्टीवर किंवा समृद्धीच्या कडेच्या लेनमध्ये गाडी लावून झोपणं, हा पर्यायच नाही. मागून येणाऱ्याला उभी गाडी फार उशिरा दिसते. यावर आणखी काही लिहीत नाही.

आता ढाबा. ढाब्याची बाजू कमी लेखू नका. गरम शेवभाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, वर ताक; दिवसभर चहा-बिस्किटावर काढलेल्या माणसाला हे जेवण पोटापेक्षा मनाला जास्त लागतं. जेवलात तर खाट फुकट, आंघोळीला टाकीचं पाणी फुकट. ओळख झाली की उधारी चालते. टायर पंक्चर झाला तर शेजारीच दुकान असतं आणि मिस्त्रीला झोपेतून उठवता येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खबर. पुढं मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या बिजासन घाटात गाडी पलटली का, पुढं कुठं काटा लावून वजन तपासतायत का, इंदूरला परतीचं भाडं काय चाललंय, हे ढाब्याच्या खाटेवर जितकं खरं आणि ताजं कळतं तितकं मोबाइलवर कळत नाही. आठ-आठ दिवस घराबाहेर असलेल्या माणसाला चार जण आपल्यासारखे भेटतात, त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मग ढाबा का सोडला? एकाच गोष्टीमुळे. रात्री अडीच-तीनला दारावर पडणारी थाप.

ढाब्याच्या आवारात गाड्या येतील तशा लागतात, एकामागे एक, दोन-तीन रांगांत. पुढच्याला भाजीपाल्याचं किंवा कांद्याचं भाडं असतं, त्याला पहाटेच्या आधी बाजार गाठायचा असतो. त्याच्या मागे तुम्ही. मग ढाब्यावरचा पोरगा येतो, आधी हाताने दार वाजवतो, मग काठीने पत्रा. “ओ उस्ताद, जरा गाडी मागं घ्या.” त्या पोराचा राग येत नाही, तोही अर्ध्या झोपेतच असतो. तुम्ही बर्थवरून खाली उतरता, सीटवर बसता, चावी फिरवता. ब्रेकची हवा उतरलेली असते. बझर किंचाळत राहतो आणि हवेचा काटा वर चढेपर्यंत ब्रेक सुटत नाही. तेवढी मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसतं बसून राहायचं. मग अंधारात गाडी मागे घ्यायची. आरशात काही दिसत नाही, आणि मागे कुठंतरी खाटांवर माणसं झोपलेली आहेत हे तुम्हाला माहीत असतं. एकटा माणूस असेल तर मागे उभं राहून हात दाखवायलाही कुणी नसतं. ही पाच-दहा मिनिटं माझी झोप पार घालवतात. परत आडवं पडलं तरी डोळा लागत नाही.

आणि खरं नुकसान पुढं असतं. झोप लागत नाही म्हटल्यावर मन म्हणतं, आता जागाच आहे तर निघू या. साडेतीनला निघायचं, चांदवड मागे पडलं की पहाटेच्या काळोखात राहुड घाटाचा उतार. अर्धवट झोप मोडलेल्या माणसाला हीच वेळ सगळ्यात वाईट. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप झोपेकडे ओढतं, मग चहा किती का घेतलेला असेना. परतीला हाच प्रकार कसारा उतरताना. ढाब्यावर मी झोपलो कमी आणि डुलक्या रस्त्यावर काढल्या, असं माझं मला स्पष्ट दिसायला लागलं. रांगेत सगळ्यात मागे, बाहेर पडायच्या तोंडाशी गाडी लावून पाहिली. मग रात्री उशिरा येणारा नेमका माझ्या मागे लावून झोपतो.

यात ढाबेवाल्याचा दोष काढावा असं मला वाटत नाही. त्याची जागा जेवून अर्ध्या तासात निघणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आठ तास उभी राहणारी गाडी त्याच्या धंद्याला सोयीची नाही, तरी तो जागा देतो, हा त्याचा मोठेपणा.

पंपावर हीच एक गोष्ट वेगळी आहे. जिथं सरकारी तेल कंपन्यांनी चालकांसाठी सोय केलेली आहे तिथं गाड्यांसाठी पट्टे आखलेले असतात, गाडी तिरकी लागते, आणि प्रत्येकाला स्वतःची वाट असते. तुमच्या पुढच्याला निघायचं असेल तर तो तुम्हाला न उठवता निघतो. बाकी सुविधांची यादी कितीही लांब असू दे, माझ्यासाठी ही एक सोय सगळ्यांवर भारी पडली. सलग सहा तास झोप झाली की सकाळी गाडी चालवणारा माणूस वेगळाच असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. मोजमाप माझ्याकडे दुसरं नाही.

ही सोय आता बऱ्याच ठिकाणी ‘अपना घर’ या नावाने मिळते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकड्यानुसार 1 जुलै 2025 पर्यंत देशभरात अशी 368 ठिकाणं आणि 4,611 खाटा झाल्या होत्या. देशातल्या ट्रकांच्या मानाने हे फार थोडं आहे, म्हणून जागा मिळेलच असं धरून चालू नका. ॲप आहे, त्यावर आधी बघून नोंदणी करता येते. मी साधारण इगतपुरी-घोटीला चहाला थांबलो की तिथूनच करून टाकतो. दुसरी एक गोष्ट नव्या माणसाला आवर्जून सांगतो: आपल्या बाजूचा पंप निवडा. दुभाजकापलीकडच्या पंपासाठी चौदा चाकी गाडी रात्री वळवून आणण्याचा ताप घेऊ नका.

आत काय असतं? दुमजली खाटांची मोठी खोली, शौचालय, आंघोळीची वेगळी जागा, पिण्याचं शुद्ध पाणी, आणि स्वतः शिजवणाऱ्यांसाठी चुलीची जागा. राजस्थान-हरियाणाची मंडळी तिथं आपापली रोटी करतात, आपल्याकडचे कमी. सकाळी दाराला कडी असलेल्या न्हाणीत आंघोळ करून निघणं ही चैन नाही, पण आमच्या लाइनवर बराच काळ ती तशीच वाटत आली. ढाब्यावर उघड्या टाकीवर, डिसेंबर-जानेवारीत, शेजारी निफाडचा पारा एक आकडी असताना डोक्यावर तांब्या घेणं काय असतं ते ज्याने घेतलंय त्याला माहीत. त्या दिवसांत खाटेवर उघड्यावर झोपणंही होत नाही, मग कॅबिनच उरते.

पंपाच्या उणिवा लपवत नाही. पहिली, खोलीत झोपलात की गाडी नजरेआड होते. पूर्वी चालक झोपला की क्लीनर गाडी राखायचा. आता कित्येक गाड्यांवर क्लीनरच नाही. डिझेलची टाकी, बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री, सगळ्याचा घोर एकट्याच्या डोक्याला. ढाब्यावर डोळे पुष्कळ असतात पण उजेड कमी. पंपावर उजेड आणि कॅमेरा असतो पण ओळखीचं कुणी नसतं. माझं ढाब्यावर एकदा डिझेल गेलं आणि पंपावर अजून तरी काही गेलेलं नाही. तरी टाकीला कुलूप आणि जाळी दोन्हीकडे हवीच. किमती माल असेल तर मी पंपावरही खोलीत न जाता कॅबिनमध्येच झोपतो. आखलेली जागा आणि उजेड एवढं मिळालं तरी मला पुरतं.

दुसरी उणीव, काही ठिकाणी डिझेल भरल्याशिवाय जागा द्यायला कुरकुर करतात. मी टाकी तिथंच भरतो, त्यामुळे मला ते जाचत नाही. ज्यांचा मालक दुसऱ्या पंपाशी बांधलेला आहे त्यांना जाचेल. तिसरी, हंगामात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांचे थंड कंटेनर उभे असतात आणि त्यांचं यंत्र रात्रभर घरघरत राहतं. ओझर-पिंपळगावच्या बाजूला हा त्रास पंपावरच जास्त, हे कबूल करायला हवं. गाडी लावण्याआधी एक फेरी मारून असा कंटेनर कुठं उभा आहे ते बघा आणि दुसऱ्या टोकाला लावा. आणि चौथी, जेवण. पंपावरच्या उपाहारगृहातलं जेवण पोट भरतं, एवढंच म्हणेन.

कुणी म्हणेल, आता एसी कॅबिन आल्या, मग खोली कशाला? 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी कॅबिन सक्तीची झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती चालवतानाची सोय. गाडी उभी करून इंजिन बंद केलं की एसीही बंद. रात्रभर इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जळतं आणि शेजारचे शिव्या घालतात. एप्रिल-मेमध्ये इंजिनाची धग सीटखालून मध्यरात्रीपर्यंत वर येत राहते. शिवाय रस्त्यावर आज ज्या गाड्या आहेत त्यातल्या बहुतेक त्या तारखेच्या आधीच्याच.

गाड्या दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मालकांसाठी दोन शब्द. “थांबायला वेळ कुठं आहे” हे कारण या लाइनला तरी लागू होत नाही. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, म्हणजे न्हावा शेवा ते इंदूरला तीन दिवस तरी हातात असतात. नाशिकची एक रात्र त्यात सहज बसते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास काम, सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि जिथं रात्री थांबावं लागतं तिथं विश्रांतीची खोली मालकाने द्यायची, असं घालून दिलं होतं. इतकी वर्षं झाली. प्रत्यक्षात ती खोली बहुतेकांना कॅबिनच्या बर्थच्या रूपातच मिळाली. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: मुक्कामाचे पैसे भत्त्यात धरू नका, वेगळे द्या. भत्त्यात धरले की चालक ते वाचवून घरी पाठवणार आणि ढाब्याच्या रांगेत झोपणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

सोबत क्लीनर असेल, गाडी लहान असेल, पहाटेच निघायचं असेल, तर ढाबा वाईट नाही. तीनला उठायचंच असेल तर थाप पडली काय आणि गजर वाजला काय. त्यातही ओळखीचा ढाबा असेल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की मी सकाळी सहाला निघणार, मला कोपऱ्यात लावू द्या. काही जण खरंच सांभाळून घेतात. पण एकटे असाल, पुढं घाट असेल आणि दुसऱ्या दिवशी लांब ओढायचं असेल, तर माझं झुकतं माप पंपाला.

मी स्वतः दोन्ही जोडतो. जेवण ढाब्यावर, आठच्या आत. तेव्हा गाड्या कमी असतात, गाडी तोंडाशी लावता येते आणि लाइनची खबरही मिळते. मग तिथं न रेंगाळता पुढच्या पंपावर नऊच्या आधी पोचतो, कारण त्यानंतर खाटा भरायला लागतात आणि कडेच्या चांगल्या जागा जातात. नाशिक शहरात द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलात तर हा वेळ चुकतो, तेव्हा ती तासाभराची सूट आधीच धरून ठेवा. 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे. त्या काळात अवजड वाहनांचे रस्ते वळवले जाणारच, म्हणून त्या महिन्यांत मुक्कामाची जागा शहराच्या कुठल्या बाजूला घ्यायची हे निघण्याआधीच ठरवा. मुंबईकडून येताना उशीर झालाच तर मी शहर ओलांडण्याचा हट्ट करत नाही, गोंदे-विल्होळीच्या बाजूला जागा बघतो आणि नाशिक सकाळी मागे टाकतो.